पान एकशे बारा

शालिमारच्या फुटपाथवर विचारलं,
जादूचं काही आहे का?
पण लढाई नको. राजपुत्र नको, भविष्यवाणी नको,
शेवटच्या पानावर जगबिग वाचवायचं नको.
दोघं-तिघं मित्र असावेत, एक चूल,
बाहेर थंडी, आत काहीतरी रटरटत असलेलं.
पोरानं मान डोलावली
आणि राज्यसेवेचं गाईड पुढे केलं.
मग भुताचं.
मग तीस दिवसांत श्रीमंत होण्याचं.
मुलासाठी का, मॅडम?
नाही रे. मला. बेचाळीस वर्षांच्या मला.

कॉलेज रोडच्या एसी दुकानात
मुलीनं संगणकाला विचारलं.
'मैत्री' टाकलं तर लग्नपत्रिकांसारखी मुखपृष्ठं,
'जादू' टाकलं तर पत्त्यांचे खेळ.

दिवसभर मी सातपूरला रक्त तपासते.
लोकांची साखर, लोकांचं क्रिएटिनिन.
एखाद्या आकड्याशेजारी चांदणी उमटते
आणि तो माणूस अजून बाहेर बाकावर
मोबाईलमध्ये हसत असतो.
संध्याकाळी मला असं पुस्तक लागतं
ज्यात कुणाचा रिपोर्ट यायचा नसतो.

सापडलं नाशिकरोडला, निजामभाईंच्या रद्दीत,
वजनकाट्याखाली, गॅसच्या पावत्यांमध्ये.
नाव नाही. लेखक उंदरांनी खाल्लेला.
आणि अर्धंच.
"अठरा रुपये. पूर्ण असतं तर तीस."

एक साळिंदर, खिंडीत त्याचं दुकान.
लोकांच्या फाटलेल्या सावल्या रफू करतं,
सुई म्हणून स्वतःचाच काटा.
आणि त्याच्या चुलीतला जाळ,
त्याला थंडी वाजते.
साळिंदर त्याला मफलर विणून देतं, मफलर जळतो,
साळिंदर दुसऱ्याचे टाके घालायला बसतं.
एवढंच.
खरंच एवढंच, आणि मी गोधडीत तीन रात्री
पानं पुरवून पुरवून वाचली.
पान एकशे बारावर दोघांचं बिनसलं,
साळिंदरानं बोचकं बांधलं,
आणि जाळ उंबऱ्यापर्यंत आला नि म्हणाला,

स्वल्पविराम. पुढे नुसता शिलाईचा दोरा.

पाच दिवस मी ते वाक्य पुरं करत होते.
नळ्या गरगरत होत्या:
नको जाऊस. जा. जायचंच तर माझी काजळी पुसून जा.

"दुसरा अर्धा?" निजामभाई म्हणाले,
"तो गांगुर्डेकाकांनी नेला, प्रेसवाल्या.
ते डोकं खातात माझं, सुरुवात आणा म्हणून."

काशिनाथ गांगुर्डे, माकडटोपी,
प्रेसच्या भिंतीलगतचा बाक.
चौतीस वर्षं करकरीत नोटा मोजल्या,
गेटवर रोज खिसे उलटे करून दाखवले.
"कागद असा खिशात घालून
घरी नेता येतो, याचीच अजून सवय नाही."
आणि मग, दबक्या आवाजात,
"ताई, एक सांगा. सगळे त्या मफलरबद्दल का बोलतात?"

मी सांगितलं. साळिंदर, काटा, पहिला मफलर, दुसरा.
त्यांनी टोपी काढली. ऐकताना काढली.
मग त्यांचा अर्धा उघडून
पान एकशे तेरा माझ्याकडे वळवलं.
पहिली ओळ:
"मग निदान चहा तरी घेऊन जा."

डिंकानं चिकटवू या, मी म्हटलं.
ते नको म्हणाले.
"जोडलं की कुणातरी एकाच्या कपाटात जाईल."

म्हणून दर गुरुवारी, बाक, दोन अर्धी.
मी त्यांना मागचं वाचून दाखवते,
ते मला पुढचं, पण चारच पानं, कंजूष माणूस.
त्यांच्या थर्मासात आलं फार असतं.
मध्येच कुणी वाट विचारतं बिटकोची,
आम्ही दोघंही चुकीचा हात दाखवतो.

काल पेपरात होतं, निफाडला पारा सहावर.
मला विणता येत नाही.
मेन रोडवरून घेतला, निळा, लोकरीचा.
दुकानदार म्हणाला,
बदलून मिळणार नाही.