सहा मीटर

रावपुऱ्यात, टॉवरकडून येताना डाव्या हाताला
आता 'नयनदीप चष्माघर' आहे.
पाटीखाली गेलीय दगडी पट्टीवरची वेल,
पण मान वर केली तर हिशेब अजून जुळतो:
तळमजल्याच्या खिडक्या उंच,
वरच्या मजल्याच्या बुटक्या,
गच्चीखालच्या नुसत्या चौकोनी,
घर वर जाता जाता आवाज हळू करत गेल्यासारखं.

कारखानीस ओव्हरसियरनं बांधलं ते,
विलायत न बघता, विलायती नमुन्यांच्या वहीवरून.
सरकत्या खिडक्या, दोरीला शिशाचं वजन
चौकटीच्या पोटात दडवलेलं.
अशी खिडकी उघडते अर्धीच,
बडोद्याच्या मे महिन्यात अर्धाच वारा.
उजवीकडे आतून जिना आला, खिडकी बसेना,
तर त्यानं भिंतीवर खोटी खिडकी काढली:
गिलाव्याची चौकट, काळ्या रंगाच्या काचा.
डावीकडचीला जोड हवी ना.
आता तिच्यावर पत्र्याचा मोठा चष्मा टांगलाय.

सत्त्याऐंशी साली मी हे घर मोजलं.
नगररचना खात्यात आरेखक होते.
टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं गोहिलकडे,
आणि गोहिलला घरी जायची घाई.
रस्तारुंदीची रेघ पुढच्या चार पायऱ्यांवरून गेली.
लाल शाईनं मीच ओढली,
श्वास धरून, हात न हलवता.
नंतर दोन वर्षं ते दार
रस्त्यापासून अडीच फुटांवर लोंबत होतं.
मी दांडिया बाजारातून वळून जायचे.

आज मोतीबिंदूनंतरचा नंबर काढायला आले.
लोखंडी उतारावरून, कठडा धरून.
"बसा बेन," कीर्तनभाई म्हणाले,
"दुसरीकडे आरसा लावतात, तीन मीटरचे सहा करायला.
आपल्याकडे गरज नाही. हॉलच तेवढा आहे."
मला माहीत होतं.
वीस फूट, भिंत ते भिंत. वर चार बोटं उरतात,
त्यात दिव्याची पेटी आणि गुजराती तक्ता बसलाय.
हे जेवणघर होतं.
ताटापासून ताटापर्यंतचं अंतर
आता अक्षरापासून डोळ्यापर्यंत.

नाकावर जड चौकट. एक काच गेली, एक आली.
"हे बरं की हे?"
पहिलं.
"आता?"
आता तक्त्याच्या वर, बंद केलेल्या दारावर
अर्धचंद्र दिसायला लागला,
हातपंख्यासारख्या लाकडी काड्या, मध्ये काचा,
एक निळी, बाकीच्या धुळीच्या रंगाच्या.
फॉल्स सीलिंग तिथपर्यंत येऊन थांबलंय,
का कोण जाणे. पैसे संपले असतील.

माझ्या नकाशात सहा काचा आहेत.
मोजमाप बरोबर, सही माझी, शिक्का खात्याचा.
पेठेतली बाकीची घरं पाडताना
तोच नकाशा पुढे धरला जायचा.

"शेवटची ओळ, बेन?"
सात.
"अक्षरं वाचायची, बेन. आकडे नाहीत त्यात."
थांबा, म्हटलं,
पुन्हा मोजते.