पाचपैकी

मार्च संपायच्या आत सहा जणांना गुण द्यायचेत.
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, कॉइल गुंडाळायच्या यंत्रांपासून
तीन पावलांवर माझं टेबल.
वरून सांगून आलंय :
सगळेच चांगले असू शकत नाहीत, मॅडम,
एकाला खाली बसवा.

पेन्सिलीने आधी तखतसिंहला बसवलं.
मग आठवलं, मुलीचं लग्न आहे वैशाखात.
खोडलं.
जुबेदाला बसवलं. खोडलं.
ओच्छवभाईंच्या नावापाशी कागद इतका झिजला
की पलीकडची तारीख दिसायला लागली.

मग प्रशिक्षणाचा रकाना आला
आणि काम आपोआप झालं.
पाच जणांना पाचपैकी पाच.
कपिलाबेनला शून्य.

त्या दिवशीचं सांगते.
आग विझवायला शिकवणारा माणूस
सुरतेहून निघालाच नाही.
आम्ही खारी खाल्ली, चहा प्यायलो,
रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या.
प्रशिक्षकाच्या जागी मी केली : घरपुरे, ठसठशीत.
कपिलाबेनने पेन घेतलं,
टोपण लावलं, परत दिलं.
‘शीखी ज नथी, तो सही शेनी?’

तिच्या कॉइलमध्ये चुकलेला वेढा
अकरा वर्षांत मी एकदाच पाहिला,
तोही तिनेच आणून दाखवलेला.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर तिला थांबवलं.
भिंतीवरचं लाल नळकांडं दोघींनी उतरवलं,
वर बोटभर धूळ, मागे पालीचं अंडं.
त्यावरच्या सूचना मी वाचत गेले,
ती करत गेली :
पिन ओढा. नळी धरा.
ज्वाळेच्या मुळाशी, शेंड्याशी नाही.
ज्वाळा म्हणून एक रिकामं खोकं ठेवलं होतं.

फुस्स.

एवढंच. चिमूटभर पांढरं, तेही जमिनीवर.
आम्ही त्या खोक्याकडे बघत राहिलो,
त्याच्या पलीकडे वार्निशचे अठरा ड्रम.
हसली आधी ती.
मग हसायची थांबलीही आधी तीच.

रजिस्टर मागितलं.
त्या दिवसाची नव्हे, आजची तारीख घातली,
सही केली, आणि शेजारी तिच्या लिपीत :
शिकले. बाटलो खाली छे.

माझी ठसठशीत सही त्या ओळीच्या बरोबर वर.

गुणांचा कागद अजून टेबलावरच आहे,
सोमवारी दहाच्या आत जायला हवा.
पेन्सिलीला टोक काढलंय.
सहा नावांखाली
सातव्यापुरती जागा होते का, बघतेय.