किल्ली, बुटाच्या नाडीत

बिर्झायच्या त्या हॉलमधला बॉयलर
नोव्हेंबर अर्धा सरल्याशिवाय पेटत नसे,
आणि पेटला तरी ऊब भिंतींनाच पुरायची.
आम्ही कानटोप्या घालून चेंडू बडवायचो,
तोंडातून वाफ, तळव्यांना भेगा.
हॉलची किल्ली तिच्या गळ्यात,
बुटाच्या जुन्या नाडीत ओवलेली.
दानगुओले तिचं नाव. आम्ही नावानं कधी हाक मारली नाही.
त्रेनेरे म्हणायचो, शाळेत बाई म्हणावं तसं,
अर्ध्या धाकानं, अर्ध्या हक्कानं.

त्या वर्षी अकरा पोरांपैकी सात जणांच्या घरचं
कुणी ना कुणी परदेशात.
एइमुतिसचा बाप डब्लिनला विटा रचत,
ग्रेडासची आई लीड्सजवळ कोंबड्या सोलत,
माझा बाप बर्गनला, मासे साफ करत.
सरावाच्या ऐन मध्यात फोन वाजायचा.
ती तोंडातली शिट्टी काढून म्हणायची,
"घे फोन. चेंडू कुठे पळून जात नाही."
मग आम्ही भिंतीकडे तोंड करून
"हो, हो, जेवलो" म्हणायचो
आणि ती उरलेल्यांना चेंडू जोरात आपटायला लावायची,
आणखी जोरात, सगळे एकदम.
कुणाचा आवाज फाटला तर ऐकू जाऊ नये म्हणून.

हे मला फार उशिरा उमगलं.

एक पाय रोवायचा, दुसरा हवा तिकडे फिरवायचा,
रोवलेला उचलून टाकलास की चेंडू गेला.
आयुष्याचंही असंच असतं, असं ती कधीच म्हणाली नाही.
म्हणाली असती तर आम्ही हसलो असतो,
आणि सगळ्यात आधी ती.
ती म्हणायची, मोजे वाळव. दात दाखवून ये.
ग्रेडास, तो पाव विकत घेतलास की उचललास?
ओरडत नाही. फक्त विचारतेय.

फेब्रुवारीत एक पत्र आलं, शिक्क्याचं.
मावशीनं ते पावाच्या डब्याखाली सारलं.
मी ते काढून बुटांच्या पिशवीत घातलं
आणि सलग नऊ फ्री थ्रो चुकवले.
तिनं पिशवी उघडली नाही. एवढंच म्हणाली,
"काय घेऊन फिरतोयस?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पालिकेच्या रांगेत.
मला वाटलं, पंचाशी भांडते तशी भांडेल,
काउंटरवर हात आपटेल, प्रश्न मिटेल.
काचेमागची बाई भराभर बोलली,
कलम, मुदत, थकबाकी, जामीन.
त्रेनेरेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
"मला समजलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा सांगा. सावकाश."
मागे कुणीतरी खाकरलं.
बाईनं पुन्हा सांगितलं.
"अजून नाही समजलं."
तिसऱ्या खेपेला त्या बाईनं पेन्सिल घेतली
आणि पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर
हळूहळू बेरीज मांडली.
चौदा महिन्यांचं हीटिंगचं बिल. बस, एवढंच होतं ते भूत.
हप्ते ठरले.

बाहेर बर्फाचा चिखल झालेला.
तिनं दोन किबिनाय घेतल्या,
करंजीसारख्या, आत मटण, जीभ भाजणाऱ्या.
"आकडे मला कधीच जमले नाहीत," ती म्हणाली,
बोटावरचा रस्सा चाटत.
"तिकडे स्कोअरबोर्ड असतो, म्हणून निभावलं."

वसंतात पानेवेझिसकडून आम्ही बावीस गुणांनी हरलो.
आमच्यातला कुणीच खेळाडू झाला नाही.
एइमुतिस बस चालवतो. ग्रेडासचं मला माहीत नाही,
त्यानं नंबर बदललाय.

मी बर्गनला. बाप गेल्यावर आलो,
त्याचं सामान घ्यायला, आणि राहिलोच.
आज कर कार्यालयात काचेमागचा पोरगा
पाण्यासारखी नॉर्वेजियन बोलतोय.
माझ्या पाळ्या तापतात.
शेजारी माझी मुलगी कंटाळून
एका टाचेवर गिरक्या घेतेय,
बुटाचा रबर फरशीवर कचकच वाजतोय.
मी म्हणतो, मला समजलं नाही.
मागची रांग खाकरते.
खाकरू दे.