डब्यावरची बाई

आज शेडमागं निळे डबे उतरले, सोळा.
मोहाडीच्या फाट्यावर टेम्पो रुतला होता, म्हणून उशीर.
माझी हेमलता उकिडवी बसली, बोट फिरवत,
"समुद्री... शेवाळ... अर्क."
सातवीत आहे. सुट्टीच्या दिवशी टोळीत येते,
जोडाक्षराला अजून अडखळते.

अक्षरांच्या वर फोटो.
कमरेइतक्या पाण्यात एक बाई,
डोक्याला फडकं, हातात दोर,
दोराला लोंबतंय काहीतरी तपकिरी, चिवट,
म्हशीनं चघळून टाकलेल्या वैरणीसारखं.
तात्या म्हणतात, ह्यानं मणी फुगतो,
घडाला तकाकी येते.

समुद्र मी पाहिलेला नाही.
आमच्या सुरगाण्याची नार नदी तिकडंच जाते म्हणे,
डोंगर उतरून, गुजरातेतून.
आम्ही उलट्या.
पाणी मावळतीला, बाया उगवतीला,
एका पिकअपमध्ये बावीस, उभ्यानं,
दिंडोरीच्या बागा येईपर्यंत.

"आई, कंपनीचं नाव आहे, बॅच नंबर आहे,
हिचं नाव राहिलंय," हेमलता म्हणाली.

बाई, तुझं सगळं मला नंतर कळलं,
हेमलतानं मोबाईलवर दाखवलं तेव्हा.
बांबूचा तराफा, त्यावर आडव्या दोऱ्या,
दोरीला वीतभर फांदी बांधायची,
फांदीला फांदी फुटते,
दीड महिन्यात काढायला येतं.
म्हणजे कलमच की गं!
आम्हीही काडी तारेला बांधतो सुतळीनं.
वाऱ्यानं सुटू नये इतकी घट्ट,
जाड होताना काचू नये इतकी सैल.
ही गाठ मला मुकादमानं शिकवली नाही.
तुलाही कुणी शिकवली नसणार.

डिपिंगच्या दिवसांत घड मगात बुडवायचा,
हलकेच हलवायचा, सोडायचा,
पुढचा घड.
औषध कोपरापर्यंत ओघळतं,
रात्री भाकरी थापताना पिठाला त्याचा वास.
तुझ्या हातांना कशाचा येतो?
भेगेत मीठ गेल्यावर काय लावतेस?
आम्ही मोहट्यांचं तेल लावतो,
झोंबतं, पण झोप लागते.

आणि दर काय तुला?
आमचं एकरावर उक्तं,
त्यातून पिकअपचं भाडं, मुकादमाचं वेगळं.
तुझं किलोवर, की दिवसावर?
ओल्याचं वजन धरतात, की वाळल्यावर?
तराफा कुणाच्या नावावर आहे?
पाण्याला सातबारा असतो का?
असलाच, तर त्यावर
तुझं नाव चढलंय का,
की तिथंही राहिलंय?

मागच्या फाल्गुनात गारा पडल्या.
सकाळी बागेत गेलो तर
घड मातीत, फुटलेले, माश्या लागलेल्या.
तात्या तारेला धरून उभे होते.
आम्हाला म्हणाले, आज काम नाही.
पिकअप संध्याकाळी येणार होती,
दिवसभर बांधावर बसून होतो, कुणी बोललं नाही.
तुझा तराफा वादळात तुटतो तेव्हा
तूही अशीच वाळूवर बसतेस का,
की पोहत जाऊन
तुटलेल्या फांद्या गोळा करतेस,
पुन्हा बांधायला?
मला वाटतं, गोळा करत असशील.

डबा रिकामा झाला आज.
ह्याच्यावर लाल-पिवळा त्रिकोण नाही,
विषाचा नाही म्हणून मी मागून घेतला.
राखेनं घासला, तीनदा विसळला,
बोअरवर भरून बांधाच्या सावलीत ठेवला,
तुझा फोटो भिजून एका कोपऱ्यात सुटलाय.

दुपारी हेमलतानं एक घोट घेतला
आणि तोंड वाकडं केलं, "खारट लागतंय."
मी प्यायले.
किंचित. जिभेच्या कडेला.
नारेचंच असेल, म्हटलं,
फिरून आलेलं.

आणखी एक घोट घेतला.
मुकादमानं हाक मारली,
अकरावी ओळ राहिली होती.