पत्रिका

हॅटन क्रॉसच्या मागे, मर्टल ॲव्हेन्यूच्या टोकाला,
जिथे घरं संपतात आणि विमानांची पोटं सुरू होतात,
तिथे दर मंगळवारी मी आणि ग्विलिम प्रॉसर.
थर्मास त्याचा, चिवडा माझा.

तो बावीस वर्षं विमानांत जेवणाच्या ट्रॉल्या चढवायचा,
मी फेल्टमच्या गोदामात कस्टम्सचे कागद.
आता दोघांनाही कोणी कुठे बोलावत नाही,
म्हणून आम्ही विमानांच्या पत्रिका मांडतो.

"सेव्हन-फाइव्ह-सेव्हन यंदा नक्की जाणार."
हे तो दोन हजार पंधरापासून म्हणतो आहे.
वहीत पेन्सिलीने साल, त्यावर काट, शेजारी नवं साल;
खोडून खोडून तिथला कागद केसाळ झालाय.

माझी पैज ए-थ्री-एटीवर.
चार इंजिनं, चार तोंडं,
एवढं खटलं पोसणार कोण?
एकदा गेलंही होतं ते, वाळवंटात जाऊन बसलं होतं
तोंडाला फडकी बांधून.
आम्ही इथे चहात बिस्किटं बुडवून
त्याचा तेरावाही उरकला.
आणि एका सकाळी हाउन्स्लोच्या धुराड्यांवरून
तोच दुमजली देह,
चाकं खाली सोडून, निवांत.

गणित साधं असतं खरं तर.
डिझेलचा नव्हे, केरोसीनचा भाव. सुट्या भागांची टंचाई.
मोठी तपासणी जवळ आली की साडेसाती
(ग्विलिम "साडेसॅटी" म्हणतो, पण अर्थ बरोबर लावतो).
पण कारखान्यातून नवी सूनच वेळेवर येत नाही,
मग पोळपाट अजून सासूबाईंच्याच हाती.

आज एक ट्रिपल सेव्हन आली. जुनी, आखूड.
दुर्बीण माझ्याकडे होती.
शेपटीजवळची अक्षरं वाचली
आणि दुर्बीण खाली घ्यायचं राहूनच गेलं.

हीच अक्षरं मी उतरताना
बोर्डिंग पासच्या पाठीवर लिहून घेतली होती.
मधली रांग, अडतीस ई.
शेजारी कुणाचं तरी रडून थकलेलं मूल,
मांडीवर लसणीच्या चटणीचा डबा,
नऊ तासांत एकदाही उघडायचा धीर झाला नाही,
वास सुटेल म्हणून.

ग्विलिमने पेन्सिल जिभेवर ओली केली.
"हिचं साल?"

"टेकू दे आधी," मी म्हणालो.

टेकली. निळसर धूर निघाला, विरला.
त्याची पेन्सिल अजून कागदापासून बोटभर वर.

चिवडा घे, म्हटलं.
सादळेल.