आखूड अंगठा

सत्तावीस डिसेंबर. टपालाची गाडी शेडमध्ये,
किल्ली खिळ्याला, आणि मी
दिवाणावर, पाय वर घेऊन.
सहा दिवस कुणाचं काही कुठे पोचवायचं नाही.

उजेड दहाच्या सुमाराला येतो, तीनला निघतो,
चहाही न घेता परतणाऱ्या पाहुण्यासारखा.
त्याच्या भरवशावर फेरो बेटांवर कुणी विणत नाही.
इथे बोटांनाच दिसतं.

पहिला दिवस नुसती झोपले.
दुसऱ्या दिवशी वाऱ्याने सुन्नवाचं खुराडं
थेट चर्चच्या कुंपणापाशी नेऊन ठेवलं.
अर्धं गाव धावलं, मीही.
कोंबड्या आतच होत्या, भयंकर रागावलेल्या.
परतले तेव्हा हात इतके गारठले होते
की मी लोकर काढली.

तपकिरी, न रंगवलेली,
मेंढीचा वास अजून न सोडलेली.
बेचाळीस टाके घातले. मोजले. एक्केचाळीस.
पुन्हा मोजले. त्रेचाळीस.
महिनाभर पार्सलं मोजून मोजून
डोक्यातल्या आकड्यांचा पार भुगा झालाय.

संध्याकाळी बायका आल्या, आपापल्या पिशव्या घेऊन.
ओलविनाचा स्वेटर तीन वर्षं काखेशीच अडलाय;
नवरा दर नाताळात इंचभर फुगतो, ती दर नाताळात उसवते.
मार्जुन विणते कमी, बोलते जास्त,
तरी तिचेच मोजे आधी होतात.
रुबार्बचा मुरांबा, वाळवलेलं मटण,
सुयांची टकटक, मध्येच कुणाचा तरी सुटलेला टाका
आणि त्याला घातलेली शिवी.
"कुणासाठी गं?" सुन्नवाने विचारलं.
"हातमोजे आहेत," म्हणाले. "हात सापडेल कुठेतरी."

हात मला ठाऊक होता.

चढावरचं शेवटचं घर, हेरालवुरचं.
डिसेंबरभर तो रोज दारात उभा. "काही आहे?"
आणि मी, "वीजबिल," किंवा "आज नाही,"
किंवा नुसतीच मान.
"बरं. उद्या," म्हणायचा,
जणू मलाच धीर देत असल्यासारखा.
एकदा पेन्शनच्या कागदावर सही करताना
कागद दाबून धरलेला डावा अंगठा दिसला. अर्धाच.
उरलेला ग्रीनलंडजवळ समुद्रात गेला,
जाळ्याच्या दोराबरोबर, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी.
तेव्हापासून प्रत्येक हातमोज्याचा अंगठा
पुढे रिकामा लोंबतो.
दातांनी ओढून तो त्याला गाठ मारतो.

उजवा दोन दिवसांत झाला.
डाव्याच्या अंगठ्याशी येऊन मी अडले.
माझ्याच पेराला सुई लावून पाहिली.
सात ओळी? नऊ? नऊ विणल्या, दोन उसवल्या.
आईने टाके वाढवायला शिकवलं होतं, कमी करायलाही,
पण इतक्या लवकर थांबायला नाही.

एकतीसच्या रात्री सगळे आतषबाजी बघायला धक्क्यावर गेले.
मी तपकिरी कागद घेतला, सुतळी घेतली,
तिकीट लावलं, त्याचे पैसे गल्ल्यात टाकले.
नियम म्हणजे नियम.
पाठवणाऱ्याची जागा कोरी सोडली.
बाहेर एक रॉकेट वाऱ्याने आडवंच गेलं.

दोन जानेवारी.
"काही आहे?"
"आहे."
त्याने सुतळी सोडवली, गुंडाळून खिशात ठेवली.
कागदाची नीट घडी घातली. मगच आत पाहिलं.
उजवा घातला. डावा घातला.
आणि बराच वेळ तो छोटा अंगठा
वाकवत राहिला, सरळ करत राहिला.

"कुणाकडून?"
"लिहिलेलं नाही. टपालखात्याला असलं माहीत नसतं."
"हं," म्हणाला.
"माप मात्र असतं."

मी गाडीकडे वळले.
उतारावर अजून तीन वीजबिलं
वाटायची होती.