उडीपुरतं अंतर

मशीन बंद केलं की पहिली पाच मिनिटं
कानांत नुसती घरघर, मग हळूहळू
रान परत येतं.
फेब्रुवारी. उणे अठरा. कुह्मोच्या पूर्वेला
लेम्पीबाईंचं अकरा हेक्टर स्प्रूस.
जमीन गोठलीय तोवरच कापायचं;
उन्हाळ्यात ही चाकं मुळांचा चिखल करतील.

कागदावर सगळं ठरलेलं:
इतके घनमीटर ओंडके, इतका लगदा,
ओढ्याकाठची पट्टी सोडायची,
आणि हेक्टरी दोन-चार झाडं
माणसाच्या दुप्पट उंचीवर छाटून
तशीच उभी ठेवायची, भुंगेऱ्यांसाठी.
पहिला असा खुंट केला तेव्हा बाप हसला होता:
"अर्धवट कामाचे पण पैसे देतात आता?"
तीन वर्षांनी त्या खुंटाला सुतारपक्ष्यानं चाळण केली.
तोवर दाखवायला बाप नव्हता.

आज अडलंय एका अस्पेनपाशी.
नकाशात नाही ते. करडं, जाड, एका अंगानं पोकळ,
कमरेएवढ्या उंचीवर सालीला गोल व्रण,
जुना, कडा सुजून मिटत आलेला.
बुंध्याशी बर्फावर
हळदीत घोळलेल्या अक्षतांसारख्या
पिवळ्या लेंड्या.
उडती खार.

लेम्पीबाई घसरगाडी रेटत आल्या,
हँडलला कॉफीचा थर्मास. वय एक्याऐंशी.
हातमोजा काढून व्रणावर बोट फिरवलं.
"हे वेइक्कोचं काम."
नवरा. चाळीस वर्षं अस्पेन दिसलं की साल सोलायचा;
पाइनची पोरं वाकडी करणारा तांबेरा
याच्याच पानांवर पोसतो म्हणून.
"सगळी वाळली. हे कसं राहिलं?"
आवाजात राग होता की काय, कळलं नाही.

मग: "नुकसान किती?"
सांगितलं. अस्पेनचं काही नाही,
लगद्याच्या भावानं दोन पोती बटाटे.
पण भोवतीची स्प्रूस ठेवावी लागतील,
आणि तिथून ओढ्यापर्यंत एक ओळ.
ही खार जमिनीवर उतरत नाही सहसा,
या झाडावरून त्या झाडावर तरंगते, तीस-चाळीस मीटर.
त्यापुढची मोकळी जागा म्हणजे तिला समुद्र.

"म्हणजे छपराचा अर्धा पत्रा," त्या म्हणाल्या.
कोठार गळतंय. त्याच्यासाठीच तर तोड काढलेली.

मी काय बोलणार? मी लाकडावर जगतो.
माझ्या घराचे वासे स्प्रूसचे, पोरीचा पाळणा स्प्रूसचा,
ज्या कागदावर सही घेतो तोही.
कॉफी झाकणातून आळीपाळीनं प्यालो.
कुठंतरी फांदीवरून बर्फ घसरला.

"उत्तरेकडचा पत्रा यंदा," शेवटी त्या म्हणाल्या,
"दक्षिणेकडचा पुढच्या तोडीला."
"पुढची तोड पंधरा वर्षांनी, बाई."
"हो ना. तोवर ताडपत्री."
आणि घसरगाडी वळवून निघाल्या,
अस्पेनला हात न लावता, मागं न बघता.

निळी फीत संपली होती. स्क्रीनवर गोल काढला.
दिव्यांच्या झोतात पुन्हा कापायला लागलो,
दर झाडाआधी थांबून, इथून तिथवर
मुठीएवढा जीव पोचेल का, अंदाज घेत.
चुकलो असेन दोनेक ठिकाणी.
खार दिसली नाही.

आता त्या रस्त्यानं जाताना
कोठारावरची ताडपत्री फडफडताना दिसते.
अस्पेन रस्त्यावरून दिसत नाही.